पायरेट्सची पुढची पिढी : पिचर घडतात, बॅटर का घडत नाहीत?

अलेघेनीकर

पायरेट्सच्या पॉल स्कीन्सला २०२५ चं साय यंग, म्हणजे बेसबॉलमधल्या सर्वोत्तम पिचरचा (चेंडू टाकणाऱ्याचा) पुरस्कार मिळाला, तोही एकमताने. ईआरए (नऊ इनिंगमागे दिलेल्या धावांची सरासरी) १.९७, स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले बॅटर) २१६ आणि जय-पराजयाचा हिशोब १०-१०. नॅशनल लीगमधला सर्वोत्तम पिचर जेवढ्या मॅच जिंकला तेवढ्याच हरला, कारण त्याच्या मागे धावा काढणारं कुणी नव्हतं. पिट्सबर्ग पायरेट्सने २०२५ मध्ये ५८३ धावा केल्या, मेजर लीगच्या तीस संघांत सर्वांत कमी. होम रन (थेट कुंपणाबाहेर मारलेले फटके) ११७, त्याही सर्वांत कमी. ७१ विजय, ९१ पराभव. मे महिन्यात मॅनेजर डेरेक शेल्टनला काढून डॉन केलीला आणलं, तरी बॅटिंग होती तिथेच राहिली.

इथे राहायला आल्यापासून हा संघ माझा झाला आहे, म्हणून हे तळमळीने लिहितोय. दर हिवाळ्यात प्रॉस्पेक्टच्या (वर येऊ पाहणाऱ्या होतकरू पोरांच्या) याद्या येतात, आपली पोरं वरच्या नंबरांत दिसतात आणि लोक म्हणतात, "अजून दोन वर्षं थांबा." या वेळी यादीतल्या नंबरांपलीकडे जाऊन बोलूया. माझं म्हणणं असं की हा संघ पिचर घडवायला शिकला, बॅटर घडवायला अजून शिकलेला नाही, आणि ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) कोणाला उचललं यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे.

पिचरांची यादी बघा. स्कीन्स २०२३ च्या ड्राफ्टमधला पहिला. तो आला तेव्हाच जवळपास तयार होता, त्यामुळे त्याचं सगळं श्रेय संघाला देता येत नाही. पण बाकीचे? ब्रॅक्स्टन ॲशक्राफ्ट २०१८ ची दुसरी फेरी. मध्ये कोपराची टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली, तरी संघाने वाट पाहिली आणि २०२५ मध्ये तो वर आला. हंटर बार्को २०२२ ची दुसरी फेरी. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात कोपर गेलं असताना त्याला उचललं, आणि २०२५ च्या सप्टेंबरमध्ये त्याने मेजर लीगचं मैदान पाहिलं. बबा चँडलर २०२१ चा ७२ वा पिक (निवड), शाळेत अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक, क्लेमसन विद्यापीठात दोन्ही खेळ खेळायला जाणार होता. २०२५ च्या ऑगस्टमध्ये कोलोरॅडोविरुद्ध पदार्पणातच चार इनिंग एकही धाव न देता टाकल्या.

पूर्वी असं नव्हतं हे विसरू नका. गेरिट कोल (२०११ चा पहिला पिक) आणि टायलर ग्लासनो (त्याच ड्राफ्टची पाचवी फेरी) इथून गेल्यावर बहरले. चेंडू खाली ठेवा, सिंकर (खाली बुडणारा चेंडू) टाका, बॅटरकडून ग्राउंडबॉल (जमिनीवरून जाणारा फटका) काढा, ही तेव्हाची शिकवण. कोल ह्यूस्टनला गेला, फोर-सीम फास्टबॉल (सरळ जाणारा वेगवान चेंडू) वर टाकायला लागला आणि वेगळाच पिचर झाला. ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ असे तिघे २०१८ मध्ये ख्रिस आर्चरच्या बदल्यात टॅम्पा बेला दिले. ती जखम इथल्या माणसांची अजून भरलेली नाही.

आता बॅटर. बेन चेरिंग्टन २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये जनरल मॅनेजर झाले. त्यांनी पहिल्या फेरीत घेतलेले बॅटर असे : २०२० निक गोन्झालेस (सातवा), २०२१ हेन्री डेव्हिस (पहिला), २०२२ टर्मार जॉन्सन (चौथा), २०२४ कॉनर ग्रिफिन (नववा). २०२५ च्या हंगामाअखेर यातला एकही मेजर लीगमध्ये भरवशाचा बॅटर झालेला नव्हता. ग्रिफिन होईल असं मलाही वाटतं. पण त्याच्या आधीच्या तिघांचं काय झालं, हे समजून घेतल्याशिवाय मी निर्धास्त होणार नाही.

कोथरूडकर

वाचतोय. स्टॅटकास्टचे (चेंडूचा वेग आणि फटके मोजणाऱ्या यंत्रणेचे) व्हिडिओ बघून बेसबॉलची गोडी लागली, पण ही खालची व्यवस्था नीट कळलेली नाही. आपल्याकडे पोरगा रणजीत शतकं काढतो आणि आयपीएलमध्ये दिसतो, तसंच का हे? आणि पहिला पिक घेतलेला मुलगा थेट वरच्या संघात का नाही खेळत?

अलेघेनीकर

@कोथरूडकर, थेट वर जवळजवळ कुणीच जात नाही. स्कीन्ससुद्धा ड्राफ्टच्या वर्षी खालच्या लीगमध्ये जेमतेम पावणेसात इनिंग टाकून आला आणि पुढच्या वर्षी ट्रिपल-एमध्ये सात मॅच खेळूनच वर गेला. हा अपवाद. एरवी चार पायऱ्या असतात. आपल्या संघाच्या अशा : फ्लोरिडात ब्रेडेंटन (सिंगल-ए), नॉर्थ कॅरोलिनात ग्रीन्सबरो (हाय-ए), पेनसिल्व्हेनियातच अल्टूना (डबल-ए) आणि इंडियानापोलिस (ट्रिपल-ए). चारही संघांतल्या पोरांशी करार पायरेट्सचाच असतो, कोचही पायरेट्सचेच. म्हणून पोरगा अडकला तर बोट दाखवायला दुसरं कुणी नसतं.

अल्टूना माझ्या घरापासून दोन तासांच्या आत आहे. उजव्या कुंपणापलीकडे शेजारच्या लेकमाँट पार्कचा लाकडी रोलरकोस्टर दिसतो. उन्हाळ्यात मुलांना घेऊन जायला त्याहून सुंदर मैदान मला माहीत नाही.

पगाराचंही सांगतो, कारण इकडे नवीन येणाऱ्यांना वाटतं की हे सगळे लक्षाधीश आहेत. २०२३ पर्यंत सिंगल-एमधल्या खेळाडूला वर्षाला ११,००० डॉलर मिळत. युनियन झाल्यावर ते २६,२०० झाले, ट्रिपल-एमध्ये ३५,८००. मोठा बोनस मिळालेली मूठभर सोडली तर बाकीची पोरं एवढ्यावर जगतात.

स्काउट (खेळाडू पारखणारे) २० ते ८० मध्ये गुण देतात. ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. बॅटरचे पाच गुण : फटका लागणं, ताकद, वेग, फेक, क्षेत्ररक्षण. यातला पहिला ओळखायला सर्वांत अवघड, आणि आपला संघ नेमका तिथेच फसतो.

आकडेमोड

अलेघेनीकर, हेन्री डेव्हिसला अपयशाच्या रांगेत बसवताना अर्धा हिशोब सांगितलात. २०२१ चा ड्राफ्ट एका खेळाडूचा नव्हताच.

२०१२ पासून प्रत्येक संघाला पहिल्या दहा फेऱ्यांसाठी बोनसची (सही करताना खेळाडूंना द्यायच्या पैशाची) एक रक्कम ठरवून दिली जाते. प्रत्येक पिकला एक किंमत असते, त्यांची बेरीज म्हणजे तुमचा पूल. पाच टक्क्यांपर्यंत वर गेलात तर वरच्या पैशावर ७५ टक्के कर, त्याच्या पुढे गेलात तर पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा पिक जातो. तो आजवर कुठल्याच संघाने जाऊ दिलेला नाही. (ही मर्यादा यायच्या आधी, २०११ मध्ये, आपल्याच संघाने ड्राफ्टवर तेव्हाचा विक्रमी खर्च केला होता. दुसऱ्या फेरीतल्या जॉश बेलला ५० लाख डॉलर दिले होते.)

आता २०२१. पहिल्या पिकची ठरलेली किंमत ८४ लाख डॉलरच्या वर होती. डेव्हिसने ६५ लाखांत सही केली. वाचलेले जवळपास १९ लाख कुठे गेले? डावखुरा पिचर अँथनी सोलोमेटो ३७ वा, लॉनी व्हाइट ६४ वा, चँडलर ७२ वा. तिघेही शाळकरी, तिघांनाही कॉलेजपासून तोडायला ठरलेल्या किमतीहून जास्त द्यावे लागले. एकट्या चँडलरला ३० लाख, त्या जागेच्या किमतीच्या तिपटीहून अधिक. डेव्हिसऐवजी पूर्ण पैसे मागणारा कुणी घेतला असता, तर चँडलर आज एकतर क्लेमसनमार्गे दुसऱ्या संघात असता, नाहीतर कुठेतरी फुटबॉल फेकत असता.

म्हणून त्या ड्राफ्टची किंमत करायची तर चौघांची एकत्र करा. सोलोमेटोचा वेग घटला, पुढे दुखापतही झाली. व्हाइट वर आलेला नाही. डेव्हिस बॅटने अजून कमी पडतो. चँडलर पहिल्या तीनांत खेळेल असा पिचर आहे. चारातून एक असा निघाला तर मी त्या वर्षाला नापास म्हणणार नाही.

अलेघेनीकर

@आकडेमोड, हिशोब बरोबर आहे, निष्कर्ष मला मान्य नाही. चौघांतून जो निघाला तो पुन्हा पिचरच.

डेव्हिसचं उदाहरण मी ड्राफ्टवर टीका करायला दिलं नव्हतं. लुईव्हिल विद्यापीठात तो खरोखर मारत होता. २०२४ मध्ये इंडियानापोलिसमध्ये त्याने .३०० च्या वर (दहांत तीनदा यशस्वी फटका) सरासरी ठेवली. वर आला की तोच माणूस .२०० सुद्धा गाठत नाही. खालच्या लीगमध्ये त्याला चुकीचा चेंडू मिळतो आणि तो फोडतो. वरचे पिचर आत, छातीच्या उंचीला फास्टबॉल टाकतात आणि मग बाहेर स्लायडर (शेवटी बाजूला वळणारा चेंडू). ही भोकं डबल-एमध्येच दिसायला हवी होती आणि तिथेच बुजवायला हवी होती. कॅचर म्हणून तो खूप सुधारला, स्कीन्सला त्याच्याकडे टाकायला आवडतं हे मैदानात बसलं की दिसतं. म्हणजे पोरगा शिकणारा आहे. कॅचिंग शिकवणारं कुणीतरी या संघाकडे आहे. बॅटिंगचं तसं माणूस कुठे आहे?

ग्रीन्सबरोवासी

बरेच महिने नुसती वाचत होते, पण ग्रिफिनचं नाव निघाल्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. २०२५ च्या उन्हाळ्यात तो आमच्या ग्रासहॉपर्सकडे, म्हणजे ग्रीन्सबरोच्या संघाकडे, होता.

आधी एक सावधगिरीची सूचना. आमचं मैदान बॅटरधार्जिणं आहे. इथे उंच उडालेला चेंडू कुंपणाबाहेर जातो, त्यामुळे ग्रीन्सबरोत मारलेल्या होम रन बघून कुणी कुठल्या पायरेट्स प्रॉस्पेक्टबद्दल मत बनवू नये. गेल्या काही वर्षांत इथे पंधरा-वीस होम रन मारून अल्टूनात गप्प झालेली मुलं आम्ही पाहिली आहेत.

ग्रिफिनचं तसं नाही, आणि का ते सांगते. त्याने इथे ७ मारल्या, तर इथे यायच्या आधी ब्रेडेंटनमध्ये ९ मारून झाल्या होत्या. फ्लोरिडाची ती लीग बॅटरना जड जाते. हंगामाची बेरीज १२२ मॅच, सरासरी .३३३, बेसवर पोचण्याचं प्रमाण .४१५, होम रन २१, चोरलेले बेस (फटका नसताना पळून गाठलेले) ६५. बेसवर पोचणं आणि बेस चोरणं यात आमच्या कुंपणाचा काही हात नाही. हे सगळं १९ व्या वर्षी. हाय-एमध्ये त्याच्यासमोर टाकणारे बहुतेक पिचर कॉलेज संपवून आलेले, दोन-चार वर्षांनी मोठे. प्रॉस्पेक्टचं वय त्या पायरीच्या सरासरी वयाशी ताडून बघा असं मी नेहमी सांगते. २४ वर्षांच्या मुलाने इथे .३०० मारलं तर मी टाळ्या वाजवते आणि घरी जाते. १९ वर्षांच्याने मारलं तर पुढच्या मॅचचं तिकीट काढते.

त्याच्याबद्दल ड्राफ्टच्या वेळी शंका काय होती तेही लक्षात ठेवायला हवं. सहा फूट चार इंच उंची, वेग, ताकद, फेक, सगळं वरच्या दर्जाचं, पण स्विंगमध्ये हालचाल फार, चेंडू लागेल का? म्हणूनच तो नवव्या नंबरापर्यंत उरला. पायरेट्सनी ड्राफ्टनंतर त्याला लगेच मॅचमध्ये उतरवलं नाही, आधी स्विंगवर काम केलं. मला वाटतं अलेघेनीकरांच्या प्रश्नाचं निदान एक उत्तर इथे आहे. बॅटरवर काम झालं आणि ते दिसलं.

निळीशाई

ग्रीन्सबरोवासी, फार छान लिहिलंत. वयाचा मुद्दा याद्या वाचताना कायम निसटतो.

मला सेथ हर्नांडेझबद्दल बोलायचंय. २०२५ चा सहावा पिक, कॅलिफोर्नियातल्या कोरोना हायस्कूलचा उजवा पिचर, बोनस ७२ लाख ५० हजार डॉलर. त्याच शाळेचा बिली कार्लसन दहावा गेला आणि ब्रेडी एबेल ३२ वा. एका शाळेचे तिघे एवढ्या वर जाणं ही मोठीच गोष्ट. हर्नांडेझचा फास्टबॉल शंभर मैलांच्या आसपास पोचतो, आणि स्काउट त्याहून जास्त कौतुक त्याच्या चेंजअपचं (मुद्दाम हळू टाकलेल्या फसव्या चेंडूचं) करतात. शाळकरी वयात चेंजअप लागतच नाही, नुसत्या वेगावर समोरचे बाद होतात. तरीही तो ज्याच्याकडे आहे, त्याच्या मनगटात उपजत काहीतरी आहे.

पण भीती वाटते. १९६५ पासून ड्राफ्ट चालू आहे आणि शाळेतून आलेला उजवा पिचर आजवर एकदाही पहिला गेलेला नाही. डावे गेले, उजवा एकही नाही. तीस संघांची इतक्या वर्षांची सावधगिरी उगाच नसते. हात मोडतात. आपल्याच जॅरेड जोन्सचं बघा. २०२० मध्ये शाळेतून दुसऱ्या फेरीत आला, २०२४ मध्ये पदार्पणात सगळ्यांना वेड लावलं आणि २०२५ चा अख्खा हंगाम कोपराच्या शस्त्रक्रियेत गेला.

मग प्रश्न असा की बॅटर घडत नाहीत हे माहीत असताना सहाव्या नंबरावर पुन्हा पिचर का? माझं उत्तर : कारण हा संघ पिचर घडवू शकतो. जे येतं ते करा, आणि एक-दोन पिचर देऊन तयार बॅटर आणा.

आकडेमोड

@निळीशाई, सहमत. त्याच ड्राफ्टमध्ये एक गोष्ट घडली तिच्याकडे कमी लक्ष गेलं. दुसऱ्या फेरीत घेतलेल्या अँजल सर्व्हांटेसशी करार झाला नाही, तो यूसीएलए विद्यापीठात गेला. घाबरण्याचं कारण नाही. वरच्या फेऱ्यांतला खेळाडू सही करत नाही तेव्हा पुढच्या वर्षी एक जागा खाली भरपाईचा पिक मिळतो. कुमार रॉकरचं प्रकरण आठवत असेल. त्याची आई भारतीय वंशाची, त्यामुळे आपल्याकडे त्याची बरीच चर्चा झाली होती. २०२१ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी दहाव्या नंबरावर घेतलं, वैद्यकीय तपासणीनंतर करारच देऊ केला नाही, आणि २०२२ मध्ये त्यांना अकरावा पिक मिळाला. रॉकर त्याच वर्षी टेक्ससकडे तिसरा गेला.

सातारी_माती

भारताचा विषय निघालाच आहे तर रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल यांना विसरू नका. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, टीव्हीवरच्या स्पर्धेतून निवडले गेले, आणि २००८ च्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्याशी करार केला तो याच पायरेट्सनी. २००९ मध्ये दोघे ब्रेडेंटनलाच होते. रिंकूने त्या जुलैत मॅच जिंकली. अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय. दिनेश २०१० मध्ये परतला, रिंकू अजून काही वर्षं टिकला, मग हात दुखावला. बेसबॉल हातात घेऊन पुरतं वर्षही न झालेली पोरं तिथपर्यंत गेली, याचा मला आजही अभिमान वाटतो.

अलेघेनीकर

@सातारी_माती, हे आलं ते बरं झालं. खालच्या लीगमध्ये किती जण गळतात हे त्यावरूनही कळतं.

@निळीशाई, पिचर देऊन बॅटर आणा, हे मलाही पटतं, आणि २०१८ ची जखम असूनही म्हणतो. पण तो तात्पुरता इलाज. ब्रायन रेनल्ड्स आपल्या अँड्र्यू मॅककचनच्या बदल्यात जायंट्सकडून आलेला, ओनील क्रूझ डॉजर्सकडून. लाइनअपमधले बरे बॅटर दुसऱ्यांनी निवडलेले किंवा दुसऱ्यांनी सुरुवात करून दिलेले. केब्रायन हेज इथलाच, २०१५ चा, तिसऱ्या बेसवर सोन्यासारखा हात. बॅट कधी उभी राहिली नाही आणि २०२५ च्या जुलैत सिनसिनाटीला गेला.

टर्मार जॉन्सनबद्दल कुणीच बोललं नाही, म्हणून मी बोलतो. ड्राफ्टच्या वेळी त्याचा 'फटका लागण्याचा' गुण त्या वर्षीच्या शाळकरी पोरांत सर्वोत्तम मानला होता. उंचीने लहान, पण मनगटं जलद. २०२५ मध्ये अल्टूनात तो वाईट खेळला नाही. वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा फुकटचा बेस) काढतो, चेंडू पारखतो. पण ताकद जेवढी सांगितली होती तेवढी दिसली नाही, आणि दुसऱ्या बेसवर खेळणाऱ्याला बॅटनेच पोट भरावं लागतं. २०२५ मध्ये तो २१ वर्षांचा झाला, मी त्याला सोडलेलं नाही.

ग्रिफिनचं काय करायचं, हा खरा प्रश्न. २०२५ अखेर डबल-एमध्ये फक्त २१ मॅच झाल्यात.

आकडेमोड

नियमाने जायचं तर संघाला त्याला २०२६ च्या एप्रिलपासून वर ठेवण्यात फायदा आहे. प्रॉस्पेक्ट याद्यांत वर असलेला नवखा पहिल्या दिवसापासून संघात राहिला आणि रूकी ऑफ द इयर (वर्षातला सर्वोत्तम नवखा) झाला, तर संघाला पहिल्या फेरीनंतर जादा पिक मिळतो. २०२४ मध्ये स्कीन्सला मे महिन्यापर्यंत खाली ठेवलं. तो रूकी ऑफ द इयर झाला, नियमाप्रमाणे त्याला सेवेचं पूर्ण वर्षही मिळालं (ही वर्षं भरली की खेळाडू संघातून मोकळा होतो), आणि संघाच्या हातात पिक आला नाही. दोन्हीकडून तोटा. तेच पुन्हा करू नये.

ग्रीन्सबरोवासी

पिकसाठी एकोणीस वर्षांच्या मुलाला वर नेऊ नका हो. अल्टूनात चांगले स्लायडर टाकणारे पुरेसे असतात. त्यांच्याविरुद्ध दोन महिने खेळू दे. एप्रिलमध्ये तिथली थंडी बॅटरना छळते, तरीही तो बाहेरचे चेंडू सोडत असेल तर जूनमध्ये वर न्या. आधी नेलं आणि .१८० वर अडकला तर त्याला सावरणारा कोच पिट्सबर्गमध्ये आहे का, हे अलेघेनीकरांनीच विचारलंय.

अलेघेनीकर

म्हणून मी ग्रीन्सबरोवासींच्या बाजूचा. स्कीन्स २०२९ पर्यंत आपला आहे, म्हणजे २०२६ पासून चार हंगाम. त्यातले दोन महिने दिले तर फार जात नाही, पण ग्रिफिनचा डेव्हिस झाला तर सगळंच जाईल. शिवाय पायरेट्सच्या घरच्या मैदानात, पीएनसी पार्कमध्ये, लेफ्ट-सेंटरचं कुंपण ४१० फुटांवर आहे, तिथे उजव्या बॅटरची ताकद मरते. त्याने होम रनच्या मागे न लागता मोकळ्या जागेत चेंडू मारून पळावं, दोनाचे तीन बेस करावेत. ६५ बेस चोरणाऱ्याला ते मैदान उलट सोयीचं आहे.

एप्रिलमध्ये अल्टूनाच्या घरच्या मॅच लागल्या की इथेच लिहीन. मी त्याच्या होम रन मोजणार नाही. दोन स्ट्राइक झाल्यावर तो बाहेरच्या स्लायडरचं काय करतो, ते बघणार आहे. इंडियानापोलिसच्या जवळपास कुणी मराठी मंडळी असतील तर त्यांनी डेव्हिस किंवा टर्मार तिथे असल्यास तेवढंच बघून कळवावं.

कोथरूडकर

मी पहाटे उठून स्ट्रीमवर बघेन. अल्टूनाच्या मॅच दिसतात ना भारतातून?

अलेघेनीकर

मायनर लीगच्या बऱ्याच मॅच ऑनलाइन दाखवतात, वेळापत्रक आलं की दुवा टाकतो. संध्याकाळची मॅच तुमच्याकडे पहाटे साडेतीनच्या सुमारास सुरू होईल, रविवार दुपारची बघा, ती रात्री साडेदहा-अकराला लागते.